परत न आलेल्या वाट्या

सन दोन हजार वीस. मी सदुसष्ट वर्षांचा होतो. दात बरेचसे शाबूत होते आणि मतं सगळी.

त्या वर्षी मी एका कागदावर सही केली आणि माझ्या धाकट्या बहिणीचं रेशनचं धान्य बंद झालं. दोन-अडीच महिने मला त्याचा पत्ता नव्हता. ही गोष्ट आमच्या घरात निघाली की मुलगा एक सांगतो, सून दुसरं सांगते आणि मला मधे बोलू देत नाहीत. म्हणून लिहून काढतोय. कागद मधे बोलत नाही.

मी गवंडी. शाळा तिसरीपर्यंत, ती पण पावसाळा सोडून. आमचं गाव नांदगावकडचं. तिथं पाऊस कमी, पण पडला की पहिला शाळेत पडायचा. सही मात्र मला येते. बाकी लिहिणं-वाचणं नंतर मुलाच्या पुस्तकांवरून जमवलं. नाशकात आल्यावर एका ठेकेदारानं हजेरीच्या वहीवर अंगठा मागितला. मी म्हटलं, सोमवारी देतो. रविवारी दिवसभर बसून विटेच्या तुकड्यानं फरशीवर नाव गिरवलं आणि सोमवारी सही ठोकली. ठेकेदार म्हणाला, "अरे वा, साहेब!" तेव्हापासून कुठंही सही करायची म्हटलं की माझी छाती जरा पुढं येते. तीच नडली.

घर माझ्या हातचं. पुढं दोन खोल्या, तिथं मी, मुलगा आणि सून. मागच्या अंगाला एक खोली, तिला वेगळं दार. तिथं माझी बहीण राहते. तिचा नवरा लग्नानंतर सहा वर्षांत गेला. मूलबाळ नव्हतं, ती माझ्याकडं आली. आल्या दिवशीच म्हणाली, "दादा, भिंत तुझी, पण चूल माझी. चूल वेगळी असली म्हंजे बोलणं गोड राहतं." माझी बायको तेव्हा हयात होती. ती म्हणाली, "शहाणी हाय तुमची बहीण. तुमच्यावर नाय गेली."

चूल म्हणजे गॅसची शेगडी, पण आम्ही चूलच म्हणतो. कॉलेजच्या बाजूला एक खानावळ होती, तिथं ती रोज भाकरी करून द्यायची. त्यावर तिचं भागायचं. दुपारी तिच्याकडून एक वाटी आमच्याकडं यायची, कधी शेंगदाण्याची आमटी, कधी हिरव्या मिरचीचा ठेचा. आमच्याकडून एक वाटी तिच्याकडं जायची. आणि आमच्यात वाटी रिकामी परत देत नाहीत. काही नसलं तर चिमूटभर साखर, गुळाचा खडा, पण रिकामी नाही. ही रीत माझ्या आईची. पस्तीस वर्षं त्या मागच्या दारातून वाट्या जात-येत होत्या आणि मी कधी त्यांच्याकडं बघितलं नव्हतं. दारातून हवा जाते-येते, तिच्याकडं कोण बघतं?

चुली दोन होत्या, पण रेशन कार्ड एक. माझ्या नावाचं, केशरी. त्यावर नावं चार. बहिणीचं वेगळं काढायचं होतं, पण सरकारी हापिसात चकरा मारण्यापेक्षा मी विहीर खणेन. ते राहून गेलं. आमची सून रेशनच्या तांदळाला नाक मुरडायची, म्हणून ते कार्ड मागच्या खोलीतच असायचं. बहीण जायची, धान्य आणायची, निवडायची. मला हे माहीत होतं का? होतं आणि नव्हतं. चुलीच्या गोष्टीत पुरुषानं नाक घालू नये म्हणतात. बाकी सगळीकडं मी घालतोच, म्हणून या एका ठिकाणी घातलं नव्हतं.

आता त्या वर्षाचं सांगतो. लॉकडाऊन लागला तो लागला, आणि उठला तरी काम काही उठलं नाही. माणसं सकाळी मजूर नाक्यावर डबा घेऊन जायची आणि दहा वाजता तोच डबा घेऊन परत यायची. गंगापूर रोडला अर्ध्यावर सोडलेल्या इमारतींच्या सळ्या गंजून लाल झाल्या. मुलाचा सातपूरचा कारखाना आठवड्यातून तीन दिवस चालायला लागला. खानावळ बंद, पोरं आपापल्या गावाला गेलेली. बहिणीला मी विचारलं होतं, "तुझं कसं चाललंय?" ती म्हणाली, "हाय माझ्याकडं." मी समजलो, आहे.

आणि गल्लीत सुरू झालं वाटप. फुकट तांदूळ, फुकट डाळ, फुकट पाकिटं. उभं राहायला रस्त्यावर चुन्यानं गोल आखले. आज हे मिळणार, उद्या ते मिळणार, अमुक फॉर्म भरा, तमुक खातं उघडा. गल्लीतली माणसं सकाळी उठून आधी मोबाइल बघायची, की आज काय मिळतंय. माझं टाळकंच फिरायचं.

माझं म्हणणं साधं होतं आणि आजही तेच आहे. बहात्तरच्या दुष्काळात मी एकोणीस वर्षांचा होतो. आमच्या गावच्या रस्त्यावर मी खडी फोडली. सरकारनं आम्हाला तांदूळ दिला नाही, हातोडा दिला. कारकून यायचा, खडीचा ढीग मोजायचा, मग मजुरी. ढीग कमी भरला तर तोंडावर सांगायचा, आणि आम्ही दुसऱ्या दिवशी जास्त फोडायचो. तो रस्ता अजून आहे, त्यावरनं एसटी जाते. या वर्षी वाटलेल्या तांदळाचं काय उभं राहिलं? नाक्यावर शंभर गवंडी उभे, शाळांच्या भिंती पडायला आलेल्या, आणि सरकार म्हणतं घरी बसा, तांदूळ घ्या. धडधाकट माणसाला फुकट देणं म्हणजे ओळंबा न लावता भिंत चढवणं. चढताना सरळ दिसते, माथ्याला गेल्यावर कळतं.

हे मी मुलाला सांगितलं. तो म्हणाला, "बाबा, फुकट कसलं? आपलाच पैसा हाय तो. टॅक्सचा."

"तू कधी भरलास टॅक्स?"

"काडेपेटी घेतली तरी भरतो."

मग मी मोरीतला नळ गळतो त्यावरून त्याला बोललो. नळ खरंच गळत होता.

जूनमधली गोष्ट. आमच्या समोर एक रंगारी राहतो. चांगला कारागीर, माझ्या कित्येक भिंतींना त्यानं रंग दिलाय. रेशन दुकानाच्या रांगेत तो उभा, आणि मी तिथून चाललो होतो. खरं सांगायचं तर चाललो नव्हतो, रांग बघायलाच गेलो होतो. मी म्हटलं, "काय रे, ब्रश वाळला का?"

तो म्हणाला, "मिस्तरी, तुमी भिंत बांधा, मी रंग देतो. भिंतच नाय तर रंग काय पोटाला लावू?"

रांग हसली. मला राग आला. मी तिथंच उभा राहून सगळ्यांना सुनावलं. बहात्तर सांगितलं, खडी सांगितली, हातोडा सांगितला. म्हटलं, आज तांदळाला हात पसरलात, उद्या मताला पसराल, परवा पोरं विचारतील की बाप काय करत होता, तर सांगा रांगेत होता. एक बाई म्हणाली, "बाबा, बाजूला व्हा, ऊन अडवताय." मी सावली देत होतो तिला, पण असो.

रंगारी ऐकून घेत होता. मग शांतपणे म्हणाला, "मग सोडा ना मिस्तरी तुमचं. कार्ड तर तुमच्या घरात पण हाय. इथंच लावलाय कागद. ज्याला गरज नाय त्यानं आपण होऊन धान्य सोडावं. एवढ्या दिवसांत एकानं उचलला नाय."

बघितलं तर खरंच होता. दुकानाच्या फळीवर फॉर्मचा गठ्ठा, वर धूळ बसलेली. अख्खी रांग माझ्याकडं बघत होती. अशा वेळी माणूस काय करतो ते मला माहीत नाही, मी काय करतो ते माहीत आहे. मी पेन मागितलं.

दुकानदार जुना ओळखीचा. तो हळूच म्हणाला, "मिस्तरी, घरात विचारलंत का? चार नावं हायेत तुमच्या कार्डावर."

"कार्ड कुणाच्या नावाचं हाय?"

"तुमच्या."

"मग झालं तर."

चष्मा घरी होता. खाली बारीक अक्षरात काही होतं, ते वाचलं नाही. चष्मा असता तरी वाचलं नसतं, एवढी माणसं बघत असताना कोण वाचतं? दणकून सही केली. कुणीतरी टाळ्या वाजवल्या. त्या खऱ्या होत्या का टिंगलीच्या, ते अजून समजलं नाही. मी मान वर करून घरी आलो.

जेवताना सांगितलं. मुलानं कपाळाला हात लावला. सुनेचा हात भाकरीवर थांबला आणि तिनं मागच्या दाराकडं बघितलं. मी ते बघितलं, पण भिंतीकडं बघणं आणि भिंतीतली चीर बघणं यात फरक असतो. म्हटलं, "तसंही तू ते तांदूळ शिजवतेस कुठं?" ती म्हणाली, "मी नाय शिजवत." तिनं 'मी'वर जोर दिला होता. मला तो आता ऐकू येतो.

तेव्हापासून घरातल्या वाट्या जायला लागल्या.

स्टीलच्या वाट्या, लग्नातल्या, खाली बायकोचं नाव कोरलेलं. आधी दोन कमी झाल्या, मग चार. मला आमटी कपात मिळाली एक दिवस. मी म्हटलं, "वाट्या कुठं गेल्या?"

"येतील परत," सून म्हणाली.

"कुठून येतील? यात्रेला गेल्यात का?"

"बाबा, येतील म्हटलं ना."

श्रावणात अजून कमी झाल्या. मी रोज विचारायचो. मला वाटलं भंगारवाल्याला दिल्या, मग वाटलं कामवालीनं नेल्या, मग आठवलं की कामवाली आमच्याकडं कधीच नव्हती. मुलाला म्हटलं, घरात चोरी होतेय. तो म्हणाला, "चोर वाट्या नेईल आणि तुमचा मोबाइल ठेवील?" बहिणीच्या हातची आमटी पण यायची बंद झाली होती. मी समजलो, रुसली असेल. आमच्या घराण्यात रुसवे लांब चालतात. मी पण मग मागच्या दाराकडं गेलो नाही. तिनं आधी बोलावं. मोठा मी आहे.

असे दिवस गेले. आज ते आठवलं की स्वतःच्या डोक्यात थापी घालावीशी वाटते.

पितृपक्षात आमच्या आईची तिथी असते. त्या दिवशी पानात वाट्या लागतात, खिरीला, कढीला, आमटीला. सुनेनं डबे उघडून बघितले, तर घरात वाट्या तीन. मी म्हटलं, "आज सोक्षमोक्षच लावतो." सून पुढं झाली. "बाबा, मागं नका जाऊ." असं म्हटल्यावर जो थांबतो तो मी नव्हे.

बहिणीच्या खोलीचं दार उघडंच होतं. समोरच्या फळीवर धुतलेलं फडकं अंथरलेलं, आणि त्यावर आमच्या वाट्या पालथ्या. एका रांगेत, घासून लख्ख. मोजल्या नाहीत, पण आमच्या घरात नव्हत्या तेवढ्या सगळ्या तिथं होत्या.

माझा भडका उडाला. "अगं, इथं हायेत होय! मी गावभर चोर शोधतोय, आणि तू वाट्या साठवून ठेवल्यास? परत द्यायला काय झालं?"

ती शेगडीसमोर बसली होती. पातेल्यात तांदळाच्या कण्या शिजत होत्या, पाण्यातच जास्त. उठली नाही. म्हणाली, "काय घालून देऊ?"

"म्हंजे?"

"वाटी रिकामी द्यायची का? आईनं शिकवलं नव्हतं तसं. तुझी सून रोज भरून आणायची. पहिल्या चार-पाच मी गूळ घालून परत दिल्या. मग गूळ संपला. साखर संपली. मग ठेवल्या. शेवटी मीच तिला म्हटलं, आता आणू नकोस, फेड होत नाय."

बाजूला तिचे तीन डबे, झाकणं काढून उन्हाला ठेवतात तसे ठेवलेले. डबे उन्हाला कधी ठेवतात, ते बाईमाणसाला विचारायची गरज नाही.

"खानावळीचं..."

"मार्चपासून बंद हाय खानावळ, दादा. कॉलेजात पोरं नाय, भाकरी कुणाला करू? रेशनवर चाललं होतं. चार नावांचं यायचं, मला एकटीला पुरून उरायचं. त्यातल्याच डाळीची तुला आमटी यायची, ती तू मिटक्या मारत खायचास. जुलैत गेले तर दुकानदार म्हणाला, आत्याबाई, कार्ड बंद. मिस्तरींनी सही केली."

"मला का नाय सांगितलंस?"

"का सांगू? गल्लीत मान वर करून हिंडत होतास. तुझ्या सुनेला मीच शपथ घातली. म्हटलं, तोंडावर पडेल तो, या वयात हाड जुळत नाय."

माणूस चुकला की त्याचा आवाज वाढतो. माझाही वाढला. म्हटलं, "घर माझं हाय ना? मी काय मेलो होतो? दोन भाकरी आमच्या घरातनं नेऊन खायच्या, एवढं सोपं असताना..."

"फुकट?" ती म्हणाली.

मी पातेल्याकडं बघितलं.

"फुकट खाऊ तुझ्याकडं? धडधाकट बाई मी. तूच रस्त्यात उभा राहून सांगितलंस ना. ज्या बाईचं ऊन अडवलंस, ती आपल्या मागच्या गल्लीतली. तिनं मला सगळं भाषण म्हणून दाखवलं, हातवाऱ्यासकट."

"तू आणि सरकारचा तांदूळ यात फरक हाय. तू माझी बहीण हायेस."

"म्हणूनच नको. सरकारचं माझ्या नावावर येत होतं. कार्डावर माझं नाव हाय, छापलेलं. तुझ्याकडं आले तर तुझ्या नावावर खाईन. पस्तीस वर्षं चूल वेगळी ठेवली ती काय उगीच?"

मग मी माझ्याकडनं तोडगा काढला. तोडगा चांगला होता असं मला तेव्हा वाटलं आणि थोडं अजूनही वाटतं. म्हटलं, "बरं. फुकट नको ना? मग काम कर. तुझ्या दारासमोरचा ओटा जुना झालाय. मी फोडतो, परत बांधतो. तू विटा दे, घमेलं उचल, पूर्वी माझ्या कामावर उचलायचीस तसं. रोजची मजुरी धान्यात देतो. बहात्तरला ढीग मोजून मजुरी द्यायचे तसं."

ती हसायला लागली. इतकी हसली की पदर तोंडाला लावला. "चांगला ओटा फोडून परत बांधायचा? सरकार तरी रस्ता करत होतं रे दादा!"

ओटा चांगला होता, हे खरं. मी बांधलेला होता, वाईट कसा असेल?

हसू थांबल्यावर तिनं डोळे पुसले आणि शेगडी बारीक केली. मग जे म्हणाली ते मी अक्षर न् अक्षर लिहितोय, कारण ते ऐकायला माझ्या घरातली माणसं नव्हती आणि माझ्याशिवाय कुणी सांगणार नाही.

"बहात्तर, बहात्तर करतोस. खडीच्या कामावर सुकडी वाटायचे, आठवतं का?"

आठवत होतं. भाजलेल्या पिठाची गोड सुकडी, कागदात द्यायचे. दुपारी मी झाडाखाली बसायचो आणि ही, आठ वर्षांची पोर, माझ्यापुढं कागद आणून ठेवायची. दोन मुठी सुकडी. कामावरच्या माणसाचा वाटा, असंच मी समजत होतो.

"वाटा माणशी एकच मूठ होता," ती म्हणाली. "तुझं भागायचं नाय. मग मी आईच्या जुन्या लुगड्याचा तुकडा डोक्यावर घेऊन परत रांगेत उभी राहायचे. वाटणारा ओळखायचा. एकदा म्हणाला, किती वेळा येतेस गं? मी म्हटलं, मला भाऊ हाय. त्यानं दिली. तू हातोडा चालवलास, खरं हाय. पण तो चालायला पोटात जे होतं ते रांगेतलं होतं. तुला कधी रांग दिसली नाय, कारण रांगेत मी होते."

कण्या उतू जायला आल्या होत्या. तिनं झाकण काढलं.

मी भिंतीला टेकलो. भिंत माझीच होती म्हणून बरं.

"तुझं नाव तू काढलंस," ती म्हणाली, "काढ. तुझा मान हाय. पोराचं, सुनेचं काढलंस, ते तुझ्या ताटात जेवतात. पण माझं का काढलंस? मला विचारलंस?"

"फॉर्मवर तसं..."

"फॉर्मचं नाव सांगू नको. दुकानदाराला मी विचारून आले. तो म्हणतो, परत सुरू करता येतं, पण ज्यानं सही केली त्यानंच स्वतः येऊन अर्ज द्यायचा. त्याला म्हटलं, मग राहू दे, तो काय येत नाय."

"नाय कशावरून?"

"मी ओळखत नाय का तुला?"

एवढं बोलून तिनं फळीवरच्या वाट्यांकडं बोट केलं. "ने आता. आईचं पान अडलंय. पण मी परत देत नाय हां, तू नेतोयस. यात फरक हाय."

मी फडक्यासकट वाट्या उचलून नेल्या. सुनेनं कढी वाढली, खीर वाढली, कावळ्याला घास ठेवला. बहिणीला जेवायला बोलावलं, ती आली. आईच्या तिथीचं जेवण हे फुकट नसतं, असं तिनंच ठरवलं, आणि त्यात मी वाद घातला नाही. खीर दोनदा घेतली तिनं. मी ताटाकडं बघत जेवलो.

माझं मत बदललं असं कुणी समजू नये. मुलगा तसंच सांगत फिरतो, की बाबा सुधारले. मी काही सुधारलेलो नाही. धडधाकट माणसाला सरकारनं काम द्यावं, तांदूळ देऊन गप्प बसवू नये, हे मी आजही नाक्यावर उभा राहून सांगेन आणि सांगतो. नाक्यावरच्या त्या शंभर गवंड्यांकडून शाळांच्या भिंती बांधून घेतल्या असत्या तर आज पोरं पत्र्याखाली बसली नसती. पण आपण न खाण्याचा मान मिरवायचा तर ताट आपलं पाहिजे. मी दुसरीच्या ताटावर सही केली. आणि मला टाळ्या पडल्या.

याच्याहून जास्त मला या गोष्टीचा राग येतो, की सगळ्यांना माहीत होतं. सुनेला माहीत होतं, दुकानदाराला माहीत होतं, मागच्या गल्लीतल्या बाईला माहीत असावं. फक्त मला नव्हतं. माझ्या तोंडामुळं मला कुणी काही सांगत नाही. हे काय बरोबर आहे? पण ते तोंड घेऊनच जन्माला आलो, आता या वयात कुठं बदलून मिळणार, आणि कोणत्या फॉर्मवर?

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला उठलो. धुतलेला सदरा घातला. बहिणीच्या दारावर टांगलेली तिची कापडी पिशवी काढून घेतली. ती आत होती, तिनं बघितलं. दुकान उघडायला अजून अवकाश होता, पण शेवटचा सोडून गोल सगळे भरलेले. माणसं नव्हती त्यात. पिशव्या होत्या, दगड होते, एका गोलात एकच चप्पल. माणसं समोरच्या झाडाखाली बसली होती. रंगारी त्यातच होता.

"मिस्तरी! आज भाषण हाय का?"

"नाय. अर्ज हाय."

कुणी हसलं नाही. मला वाटलं होतं हसतील. रंगारी उठला, म्हणाला, "या, माझ्याच गोलात माझ्या पुढं लावा पिशवी. वयस्कर माणसाला कुणी नाय म्हणणार नाय."

"माझा नंबर मागं हाय."

"बरं, मग पिशवी ठेवा तिथं नि सावलीत या. ऊन चढेल."

मी शेवटच्या गोलापर्यंत गेलो. पिशवी खाली ठेवली नाही, हातात धरली आणि गोलात स्वतः उभा राहिलो. ऊन चढलं. दुकान उघडल्यावर दुकानदारानं मला बघितलं, आतून अर्ज घेऊन तो रांगेच्या शेवटापर्यंत चालत आला आणि म्हणाला, "सही करा मिस्तरी, लगेच देतो पाठवून."

म्हटलं, "थांब." खिशातून चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, लावला, आणि सगळ्यात खालची बारीक अक्षरं आधी वाचायला घेतली.